जर्मनीतील परिचर्या : पदवीपुढची वाट

परदेशी नोकरीचा विषय निघाला की पहिली चौकशी पगाराची होते आणि दुसरी व्हिसाची. परिचारिकांच्या बाबतीत या दोहोंच्या आधीचा एक प्रश्न मात्र बहुधा राहूनच जातो. भारतात मिळविलेली पदविका किंवा पदवी त्या देशात परिचारिका म्हणून काम करण्यास ग्राह्य आहे का, हा तो प्रश्न. संगणकतज्ज्ञाला कंपनीने नेमले की त्याचे काम भागते. परिचर्या हा व्यवसाय जर्मनीत कायद्याने नियंत्रित असल्याने रुग्णालय कितीही उत्सुक असले तरी केवळ त्याच्या इच्छेवर कोणालाही परिचारिका म्हणून नेमता येत नाही.

महाराष्ट्रात हा विषय विशेष चर्चेत आला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला तेव्हापासून. सुरुवातीला दहा हजार जणांचे उद्दिष्ट जाहीर झाले आणि त्यात परिचारिकांचाही समावेश होता. अशा घोषणेनंतर गावोगावी जर्मनच्या शिकवण्या सुरू होतात, ‘सहा महिन्यांत जर्मनी’ असे फलक लागतात. करार दोन शासनांमधला असला तरी त्याने व्यवसायमान्यतेचा कायदा बदलत नाही, हे त्या फलकांवर लिहिलेले नसते.

ही मान्यता केंद्र सरकार देत नाही. जर्मनीत सोळा राज्ये आहेत आणि ज्या राज्यात नोकरी करावयाची तेथील कार्यालय अर्जाचा निर्णय करते. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये हे काम श्टुटगार्टच्या प्रादेशिक प्रशासनाकडे आहे. ते कार्यालय भारतीय अभ्यासक्रमाचे विषय आणि तास जर्मन अभ्यासक्रमाशी ताडून पाहते. ‘जीएनएम’ असो वा बी.एस्सी. नर्सिंग, पूर्ण समकक्षता सहसा मिळत नाही आणि त्यामागे कारण आहे. आपल्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग प्रसूतिशास्त्राला दिलेला असतो. जर्मनीत सुईणीचा व्यवसाय संपूर्णपणे वेगळा असल्याने तो भाग तेथे हिशेबात धरला जात नाही. उलट १ जानेवारी २०२० पासून जर्मनीने सामान्य परिचर्या, बालपरिचर्या आणि वृद्धपरिचर्या यांचे स्वतंत्र अभ्यासक्रम एकत्र करून तीन वर्षांचा एकच अभ्यासक्रम केला. त्यात वृद्धांच्या शुश्रूषेला जे स्थान आहे, ते आपल्याकडे नाही.

त्यामुळे हाती येतो तो बहुधा उणिवा नोंदविणारा निर्णय. तो नकार नव्हे, पण अनेक कुटुंबे तो तसा समजून हताश होतात. त्या उणिवा भरून काढण्याचे दोन मार्ग असतात. एक, काही महिन्यांचे पूरक प्रशिक्षण. दुसरा, तोंडी आणि प्रात्यक्षिक अशी ज्ञानपरीक्षा. २०२४ पासून समकक्षतेची सविस्तर तपासणी नको असे कळवून थेट यांपैकी एक मार्ग धरण्याचीही सोय झाली आहे. हा टप्पा जर्मनीत जाऊनच पार पाडावयाचा असतो आणि त्या काळात पगार बहुधा साहाय्यकाच्या दराने मिळतो.

फरक किती पडतो, ते पाहण्यासारखे आहे. वृद्धपरिचर्येच्या क्षेत्रात १ जुलै २०२५ रोजी लागू झालेला किमान वेतनदर अप्रशिक्षित साहाय्यकासाठी तासाला १६.१० युरो, तर मान्यताप्राप्त परिचारिकेसाठी २०.५० युरो होता. आठवड्याचे ३९ तास धरले, तर महिन्याकाठी सुमारे ७४० युरोंचे अंतर पडते. शिवाय ही रक्कम कपातीपूर्वीची. प्राप्तिकर, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन यांचे हप्ते वजा जाता एकट्या व्यक्तीच्या हाती साधारण दोनतृतीयांशाच्या आसपास उरते. घरी कर्जाचे हप्ते ठरविताना संपूर्ण परिचारिकेचा, तोही कपातीपूर्वीचा पगार गृहीत धरला जातो आणि पहिल्या वर्षाची ओढाताण तेथून सुरू होते.

मान्यतेसाठी भाषेची पातळी साधारणतः ‘बी-२’ लागते. ‘बी-१’ झाल्यावर प्रशिक्षणासाठी जाता येते, पण परवाना हाती पडण्यापूर्वी पुढची पायरी चढावीच लागते. ग्योटे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्याकडील मॅक्सम्युलर भवन, ‘बी-२’पर्यंत पोहोचण्यास ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात असे सांगते. रुग्णालयातील पाळ्या सांभाळून हे गणित मांडले तर दीड-दोन वर्षे सहज जातात. या संस्थेच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण हे चार भाग वेगवेगळे देता येतात आणि प्रत्येकात शंभरपैकी साठ गुण लागतात. एकाच भागात अडखळलेल्या उमेदवाराला संपूर्ण परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

मराठी भाषकांना येथे एक छोटासा लाभ आहे. जर्मनमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत. ‘तो, ती, ते’ची सवय असणाऱ्याला ‘डेअर, डी, डास’ची कल्पना तरी परकी वाटत नाही. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, हेही ओळखीचेच. मात्र कोणत्या शब्दाचे लिंग कोणते, याबाबत दोन्ही भाषांचे मुळीच जमत नाही. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी असते! खरी कसोटी वर्गाबाहेर लागते. पाळी बदलताना सहकाऱ्याने झरझर सांगितलेला वृत्तान्त, स्वाबियन बोलीत तक्रार करणारे आजोबा आणि दूरध्वनीवरून चौकशी करणारे नातेवाईक यांची तयारी पाठ्यपुस्तकातून होत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत सर्वाधिक वेळ खातो तो नावांचा घोळ. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, नोंदणीवर तेच, पारपत्रावर पतीचे नाव आणि सासरचे आडनाव. काही घरांत तर पहिले नावही बदललेले. जर्मन कारकुनाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या स्त्रिया असतात. विवाहनोंदणीचा दाखला, राजपत्रातील नावबदल आणि पारपत्र यांचा मेळ भाषेचा वर्ग सुरू असतानाच घालून ठेवणे शहाणपणाचे. महाविद्यालयाकडून विषयवार तासांचे विवरण आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणीचे दाखले मिळण्यासही अवधी लागतो. हे सारे अधिकृत अनुवादकाकडून जर्मनमध्ये करून घ्यावे लागते.

कामाचे स्वरूप हा भाग मात्र कोणत्याही अर्जात येत नाही आणि अपेक्षाभंग होतो तो नेमका येथे. आपल्या रुग्णालयांत शिरेतून औषध देणे, सलाइन लावणे, डॉक्टरांसोबत फेरी करणे ही परिचारिकेची कामे. रुग्णाला आंघोळ घालणे, भरविणे, कपडे बदलणे हे आया, वॉर्डबॉय किंवा नातेवाईक पाहतात. जर्मनीत शरीराची स्वच्छता आणि दैनंदिन शुश्रूषा हा परिचर्येचा गाभाच मानला जातो आणि पदवीधर परिचारिकाही ते करते. याउलट शिरेत सुई टोचण्यासारखी काही कामे तेथे अनेक ठिकाणी डॉक्टर करतात. अतिदक्षता विभागात दहा वर्षे काढलेल्या परिचारिकेला वृद्धाश्रमात पहिल्याच दिवशी आपली पदावनती झाल्यासारखे वाटते. यात तिचाही दोष नाही आणि त्या व्यवस्थेचाही. नोकरी वृद्धाश्रमात आहे की रुग्णालयात, कोणत्या विभागात, हे आधी विचारून घेतले असते तर निवड कदाचित निराळी झाली असती.

पैशाची बाब अधिक नाजूक आहे. परिचारिकांच्या भरतीचा खर्च मालकाने सोसावा, उमेदवाराने नव्हे, या तत्त्वावर जर्मनीत न्याय्य भरतीचे शासकीय मानचिन्ह दिले जाते. केरळने डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या ‘नोर्का रूट्स’ या संस्थेमार्फत जर्मन रोजगार यंत्रणेशी करार करून ‘ट्रिपल विन’ योजनेखाली परिचारिका पाठविण्यास प्रारंभ केला. तिचे सूत्रही हेच आहे. तेव्हा लाखांच्या घरात शुल्क मागणाऱ्या दलालाला, हा खर्च मालकाने का केला नाही, असे विचारण्यास हरकत नाही. दुसरीकडे, मालकाने खर्च केला असेल तर करारात ठरावीक काळापूर्वी नोकरी सोडल्यास पैसे परत करण्याचे कलम असू शकते. रक्कम किती, ती महिन्यागणिक कमी होते का आणि परीक्षेत अपयश आल्यास काय, हे स्वाक्षरीपूर्वी जाणकाराकडून वाचून घेतले पाहिजे. करार जर्मनमध्ये असतो आणि तो वाचण्याइतकी भाषा त्या टप्प्यावर उमेदवाराला येत नसते.

वयाचाही विचार हवा. पंचेचाळिशीनंतर प्रथमच कुशल कर्मचारी म्हणून जाणाऱ्यास वेतनाची वरची मर्यादा गाठावी लागते किंवा वृद्धापकाळाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. भाषा आणि मान्यता यांत जाणारी तीन वर्षे धरली, तर चाळिशीतला निर्णय त्या रेषेच्या अगदी जवळ येतो.

मान्यता मिळाल्यानंतरची वाट तुलनेने सुकर आहे. कुशल कर्मचारी म्हणून तीन वर्षे आणि निवृत्तिवेतनाचे ३६ हप्ते भरल्यावर, ‘बी-१’ भाषेसह, कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. जोडीदारासही तेथे नोकरीची मुभा असते. १ मार्च २०२४ वा त्यानंतर प्रथमच कुशल कर्मचाऱ्याचा परवाना मिळालेल्यांना आईवडिलांनाही नेण्याची तरतूद झाली आहे. मात्र त्यासाठी आईवडिलांचा चरितार्थ आणि आरोग्यविमा दाखवावा लागतो आणि सत्तरीतील व्यक्तीचा विमा परिचारिकेच्या पगारात बसविणे अवघड जाते.