आठ टायटॅनियम, बारा कार्बन

वनस्पती तुपाचा डबा आपण पाहिला असेल. पातळ तेलाला हायड्रोजन वायू जोडला की ते थिजते, आणि हे काम निकेलची बारीक पूड घडवून आणते. स्वतः न खर्च होता काम घडवणाऱ्या अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. पण त्यातला धातूचा अणू नेमके करतो तरी काय?

पुडीच्या एका कणात कोट्यवधी अणू. जत्रेच्या गलबल्यात एकाचा आवाज ओळखू येत नाही; त्याला माळावर एकटे न्यावे लागते. शास्त्रज्ञांनी तेच केले. धातूवर लेसरचा प्रखर किरण टाकला की त्याची वाफ होते आणि वाफेत थोड्याथोडक्या अणूंचे पुंजके जमतात. काहींवर विद्युतभार असतो, ते आयन. भार असल्यामुळे विजेच्या जोरावर ते वजनावारी वेगळे काढता येतात.

१९९२ साली अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठात कॅसलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी टायटॅनियमची वाफ मिथेन, ॲसेटिलीन अशा वायूंत मिसळली. मिथेन म्हणजे आपल्या गोबर गॅसमधला जळणारा वायू; त्यात एका कार्बनला चार हायड्रोजन घट्ट बिलगलेले असतात. टायटॅनियमने ती पकड सोडवली. हायड्रोजन निघून गेला, कार्बन धातूला जोडला गेला. यंत्रावर एक वजन ठळक उमटले : ५२८.

शिक्षकांनी हे गणित फळ्यावर मांडावे. टायटॅनियमचा अणुभार सुमारे ४८, कार्बनचा १२. अठ्ठेचाळीस आठे ३८४, बारा बारे १४४, बेरीज ५२८. पण एखादा हुशार मुलगा म्हणेल, "गुरुजी, अकरा टायटॅनियमचेही ५२८ च होतात!" शंका रास्त आहे. म्हणून १३ अणुभाराचा जड कार्बन वापरून पाहिला. वजन बरोबर १२ ने वाढले. म्हणजे कार्बन बाराच!

वजनाने संख्या कळली. जोडणी कशी कळावी? गोठ्यात नाकाला झोंबतो तो अमोनिया त्यांनी सोडला. पुंजक्याला त्याचे आठ रेणू चिकटले. म्हणजे आठही धातू-अणू बाहेरून गाठता येण्याजोगे. त्यावरून बारा पंचकोनी बाजूंचा पिंजरा सुचवला गेला. पुढे इतरांच्या आकडेमोडीत चार टायटॅनियम आत, चार बाहेर अशी मांडणी अधिक स्थिर ठरली.

कोणता धातू, किती अणू, कोणता बंध सोडवतो हे कळले, तर उत्प्रेरक अंदाजाने नव्हे, समजून निवडता येईल. आणि वर्गासाठी धडा एवढाच : आकडा जुळला म्हणून थांबू नये, तो दुसऱ्या वाटेने पडताळावा.