इमर्जन्सीमधली गर्दी कमी झाली, म्हणजे आजार कमी झाले का?

कोविडची पहिली लाट म्हटली, की भरलेले वॉर्ड आणि दारात ताटकळणाऱ्या रुग्णवाहिका आठवतात. अमेरिकेतले आकडे वाचून तुम्हाला म्हणूनच आश्चर्य वाटेल. २०१९ च्या एप्रिलमध्ये, सीडीसी या तिथल्या सरकारी संस्थेला माहिती पाठवणाऱ्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत आठवड्याला सरासरी २१ लाख रुग्णभेटी होत होत्या. २०२० च्या एप्रिलमध्ये त्या १२ लाखांवर आल्या. म्हणजे ४२ टक्के घट! सर्वांत जास्त घट १४ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये होती.

यातली काही घट खरी असणार. शाळा बंद, मैदाने ओस. मुलांचे पडणे-झडणे आणि एकमेकांकडून ताप-खोकला घेणे कमी झाले. किरकोळ तक्रारींसाठीही लोक आले नाहीत. पण १३ मार्च २०२० ला राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाल्यानंतरच्या दहा आठवड्यांत हार्ट अटॅकसाठी येणारे २३ टक्क्यांनी आणि पक्षाघातासाठी येणारे २० टक्क्यांनी कमी झाले. लॉकडाऊन लागला म्हणून हृदयाच्या रक्तवाहिन्या एकाएकी मोकळ्या होत नाहीत. संसर्गाच्या भीतीने बरेच जण दुखणे अंगावर काढत घरीच थांबले असावेत. मला या सगळ्यात हाच आकडा सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो.

साथीच्या काळात असे आकडे बहुधा आठवड्याचे दिले जातात, कारण रोजची संख्या फसवी असते. रविवारी टाळलेले दुखणे सोमवारी येते. टक्केवारी वाचतानाही जपून. समजा, एका आठवड्यात १०० रुग्ण आले आणि त्यांतल्या ५ जणांना धाप लागत होती; पुढच्या आठवड्यात ६० आले, त्यांत धापेचे ६. टक्केवारी ५ वरून १० झाली, रुग्ण मात्र एकच वाढला. शिवाय सर्वांत ताज्या आठवड्याची माहिती सहसा अपुरी असते. काही रुग्णालयांचे आकडे उशिरा पोहोचतात, त्यामुळे शेवटचा उतार पाहून लगेच हुश्श करू नका.

आणि आलेख चढता असो वा उतरता, पुढील त्रासांत वाट पाहू नका: छातीत दडपण येऊन दरदरून घाम फुटणे, अचानक तोंड वाकडे होणे, एका हातातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, धाप लागणे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा. महाराष्ट्रात १०८ ला फोन करा. अमेरिकेत मुलांकडे गेला असाल तर ९११. मास्क लावा, चालू औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर घ्या आणि निघा.