फोर्ट : प्रार्थनामंदिरे आणि भोजनगृहे

मुंबईच्या फोर्ट विभागातील सेंट थॉमस कॅथीड्रल गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याच्या अमदानीत, १६७६ साली, बांधावयास घेतले गेले. परंतु द्रव्याभावी म्हणा अगर अनास्थेमुळे म्हणा, अर्धवट भिंती सुमारे ४० वर्षे उघड्यावर राहिल्या आणि पाद्री रिचर्ड कॉब याने नेट लावला तेव्हा कोठे १७१८ च्या नाताळात ते उपासनेस खुले झाले. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून तिकडे वाट जाई तो चर्चगेट. पुढे तटाबरोबर दरवाजाही जमीनदोस्त झाला, नाव तेवढे रेल्वे स्थानकाने उचलले.

आत घाई करू नये. १७९५ ते १८११ गव्हर्नर असलेल्या जोनाथन डंकन याच्या संगमरवरी स्मारकावर दोन बालकांनी धरलेला एक पट असून, काशी व काठेवाड येथील बालहत्या बंद केल्याचा उल्लेख त्यावर कोरला आहे. अन्य अंमलदारांवरील स्तुतिलेख मात्र निम्मेच खरे मानावेत. आर्मेनियन व्यापाऱ्यांचे सेंट पीटर (१७९६) जवळच आहे.

भोजनाचा विचार असेल तर बॅलार्ड इस्टेटीतील, १९२३ पासून चालत आलेल्या ब्रिटानियात दुपारीच जावे, कारण तेथील खरा व्यवहार कचेऱ्यांच्या मधल्या सुट्टीचा. इराणी झरेश्कची आंबट लाल फळे पेरलेला बेरी पुलाव हा तेथील मानकरी. मत्स्यप्रेमींनी फोर्टातल्याच मंगळुरी खाणावळींत नीर डोशाबरोबर गस्सी मागवावी. नारळाच्या त्या दाट रश्श्यापुढे पुलाव, आमच्या मते, दुय्यम ठरतो.