यांत्रिक हत्यारांच्या जीर्णोद्धारातील रंगनिवड

लेथ, शेपर, मिलिंग यंत्र, ड्रिलिंग यंत्र यांसारखी जुनी यांत्रिक हत्यारे दुरुस्त करताना त्यांच्या ओतीव सांगाड्यासाठी रंगछटा व रंगाचा प्रकार ठरविण्याच्या प्रक्रियेस यांत्रिक हत्यारांच्या जीर्णोद्धारातील रंगनिवड म्हणतात. यंत्राचा रंग केवळ शोभेसाठी नसतो. तो ओतीव लोखंडाचे गंजापासून रक्षण करतो, कारागिराला कामाची जागा स्पष्ट दिसण्यास मदत करतो, धोक्याची सूचना देतो आणि यंत्राच्या इतिहासाचा पुरावाही असतो. हे हेतू नेहमी एकाच रंगाने साधत नाहीत. त्यामुळे यंत्र रोजच्या कामासाठी हवे आहे की जतनासाठी, हे आधी ठरवावे लागते.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक यंत्रे काळ्या किंवा गडद करड्या रंगाची असत. या रंगांवर तेल व काजळीचे डाग उठून दिसत नसत. जर्मनीत १९२७ मध्ये ४० छटांपासून आरएएल ही रंगक्रमांक पद्धती सुरू झाली. तिच्यातील ६०११ क्रमांकाचा फिकट करडसर हिरवा रंग पुढे जर्मन यंत्रांची ओळख ठरला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत फेबर बिरेन यांच्यासारख्या रंगतज्ज्ञांनी डोळ्यांवरील ताण व अपघात कमी करण्यासाठी कारखान्यांतील रंगयोजनेचा पुरस्कार केला आणि फिकट करड्या व हिरव्या छटांचा प्रसार वाढला.

भारतात किर्लोस्कर उद्योगसमूहाने १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही यांत्रिक हत्यारे बनविणारी कंपनी स्थापन केली. सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान मशीन टूल्स (एचएमटी) १९५३ मध्ये बंगळूर येथे सुरू झाली. देशी यंत्रांबरोबर आयात यंत्रेही वापरात राहिल्याने जुन्या कार्यशाळांत निरनिराळ्या छटांची यंत्रे शेजारीशेजारी आढळतात. त्यांपैकी अनेकांवर नंतरच्या मालकांनी मिळेल तो रंग चढविलेला असतो. त्यामुळे वरवर दिसणारा रंग हा मूळ रंग असेलच असे नाही.

मूळ रंगाचा शोध

मूळ रंग सहसा प्रकाश, तेल व हाताळणी यांपासून सुरक्षित राहिलेल्या जागी सापडतो. निर्मात्याच्या नावपट्टीखाली, मोटारीच्या बैठकीमागे, तळखणाच्या दाराच्या आतील बाजूस व झाकणांच्या कडांखाली तो शोधला जातो. तेलकटपणा पुसून एक छोटा भाग बारीक पॉलिश पेपरने हळूहळू घासल्यास रंगाचे थर वर्तुळाकार पायऱ्यांप्रमाणे उघडे पडतात. लोखंडाजवळचा पहिला थर बहुधा प्रायमर किंवा लांबीचा असल्याने त्याला मूळ रंग समजू नये. जुने तेल मुरल्याने छटा पिवळसर होते. म्हणून तुलना स्वच्छ केलेल्या भागाशी व दिवसाच्या उजेडात करतात.

सगळा रंग एकदा खरवडला की हा पुरावा पुन्हा मिळत नाही. त्यामुळे घासण्यापूर्वी छायाचित्रे घेणे, छटेचा क्रमांक नोंदविणे आणि आतील बाजूचा एखादा भाग मूळ अवस्थेत राखणे इष्ट मानले जाते. भारतात रंगविक्रेत्याकडे छटा सांगताना भारतीय मानक आयएस ५ किंवा आरएएल यांतील क्रमांक उपयोगी पडतो. केवळ ‘मशीन ग्रे’ म्हटल्यास निरनिराळ्या छटा मिळू शकतात.

चालू यंत्रासाठी निवड

रोज वापरायच्या यंत्रासाठी फिकट करडा किंवा फिकट हिरवा रंग सोयीचा ठरतो. तो प्रकाश परावर्तित करतो आणि त्यावर तेलाची गळती व तडे लवकर दिसतात. फार चकचकीत लेपामुळे डोळ्यांवर तिरीप येते, तर अगदी निस्तेज लेपात मळ रुतून बसतो. म्हणून मध्यम चमकेचा लेप पसंत केला जातो. लेथच्या बेडवरील सरकपृष्ठे, मापनाच्या खुणा, तेल घालण्याची छिद्रे व नावपट्टी यांवर रंग लावत नाहीत. गिअरबॉक्सच्या आतील ओतीव पृष्ठभागावर मात्र तेलरोधक लेप दिला जातो. त्यामुळे ओतकामातील उरलेली वाळू सुटून तेलात मिसळत नाही.

ऐतिहासिक अचूकतेसाठीही सुरक्षारंगांना फाटा देता येत नाही. आपत्कालीन थांबा-बटण लाल व त्यामागची पार्श्वभूमी पिवळी ठेवतात. लाल व पिवळा हे रंग सांगाड्यावर सरसकट वापरल्यास त्यांचा इशारा म्हणून असलेला प्रभाव कमी होतो.

रंगाचा प्रकार व आरोग्य

साधे सिंथेटिक इनॅमल स्वस्त व ब्रशने लावण्यास सोपे असते, परंतु कूलंट व थिनरपुढे ते लवकर मऊ पडते. दोन घटकांचे इपॉक्सी अधिक टिकाऊ असते. उन्हात मात्र त्याच्या पृष्ठभागाची भुकटी होऊ लागते. पॉलियुरेथेन ऊन व तेल दोन्ही सोसते, पण त्यातील आयसोसायनेट श्वसनास घातक असल्याने फवारणीसाठी योग्य श्वसनसंरक्षण आवश्यक असते.

जुन्या रंगात शिसे असू शकते. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले; औद्योगिक रंग या नियमांच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून जुना रंग कोरडा घासणे किंवा ज्योतीने जाळणे टाळून तो ओला घासतात आणि निघालेला गाळ वेगळा गोळा करतात.

स्थानिक परिस्थिती

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या नंदुरबार जिल्ह्यातील तळोद्यासारख्या शेतीप्रधान तालुक्यांच्या ठिकाणी लेथवर ट्रॅक्टर, पंप व शेती अवजारांचे भाग दुरुस्त केले जातात. तेथे यंत्र बंद राहिल्यास हंगामाचे काम अडते. त्यामुळे रंगकामाचा काळही निवडीइतकाच महत्त्वाचा ठरतो. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. तेव्हा थिनर झपाट्याने उडून पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यातील दमट हवेत घासलेले उघडे लोखंड काही तासांतच गंजू लागते. म्हणून पावसाळ्यानंतरचे कोरडे व सौम्य महिने रंगकामास अधिक अनुकूल असतात. पत्र्याच्या व रस्त्याकडे उघड्या कार्यशाळेत सहज मिळणारी, ब्रशने लावता येणारी आणि पुढे डागडुजीच्या वेळी जुळविता येणारी छटा अधिक व्यवहार्य ठरते.