जुने गायक खरंच चढ्या पट्टीत गायचे?

तुमच्याकडे एकाच रागाच्या दोन जुन्या तबकड्या असतील, तर तुलनेआधी त्यांचा वेग तपासा. गौहर जान यांचं पहिलं ध्वनिमुद्रण 1902 चं. तेव्हा मिनिटाला 78 फेरे हे प्रमाण सगळीकडे पक्कं झालेलं नव्हतं.

समजा, 74 फेऱ्यांवर मुद्रित केलेली तबकडी आपण 78 वर वाजवली. लय पाचेक टक्क्यांनी वाढते आणि काळी एकमधलं गाणं जवळजवळ पांढरी दोनमध्ये ऐकू येतं! मग चढी पट्टी गायकाची की यंत्राची?

गंमत म्हणजे सगळे स्वर एकाच पटीत वर सरकतात, त्यामुळे षड्ज-गंधाराचं गुणोत्तर तेच राहतं. म्हणून गंधार कुठे लागलाय याची तुलना बिनधास्त करा. पट्टी आणि लयीबद्दलचा निष्कर्ष मात्र वेगाची खात्री झाल्यावरच काढा.