अळवाचं पान आणि धुक्याचं पाणी

अळवाच्या पानावर पाणी टाका. ते पसरत नाही, मोती होऊन घरंगळतं. पानावरचे सूक्ष्म उंचवटे आणि मेण यांची ही किमया. सिलिकाच्या नॅनोकणांचा लेप काचेवर तसाच खडबडीतपणा आणतो. पण असा लेप दिला की कोरड्या हवेतूनही पाणी झरू लागतं, हा समज साफ चुकीचा आहे.

वाफेचं पाणी व्हायला लिटरमागे सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता बाहेर टाकावी लागते. लेपामुळे त्यातून सुटका होत नाही. धुक्याची गोष्ट वेगळी. तिथे थेंब तयारच असतात, फक्त जाळीसारख्या पृष्ठभागावर धरायचे असतात.

या विषयात नामिब वाळवंटातल्या भुंगेऱ्याचं नाव हमखास निघतं. त्याच्या पाठीवरचे उंचवटे पाणी धरतात आणि मेणचट खोलगट भाग ते तोंडाकडे सोडतात, असं 2001 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आलं. त्यावरूनच अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या रुबनर आणि कोहेन यांच्या गटाने 2006 मध्ये नॅनोकणांच्या जलरोधक थरावर पाणी धरणारे ठिपके उमटवले. प्रयोग अस्सल, पण कीटकाची गोष्ट पुरी खरी नाही. धुक्यात डोकं खाली करून उभा राहून पाणी पिताना पाहिला गेलेला भुंगेरा दुसराच आहे, आणि त्याची पाठ बरीचशी गुळगुळीत असते!

पाणी घट्ट धरून ठेवणारा पृष्ठभाग उत्तम, हेही अर्धसत्यच. थेंब सुटलाच नाही तर जाळीची भोकं बुजतात आणि धुकं बाजूने निघून जातं. धरणं आणि वेळेवर सोडणं, दोन्ही साधावं लागतं. एमआयटीच्याच संशोधकांनी 2013 मध्ये बारीक तार आणि योग्य लेप यांचा मेळ घातला, तेव्हा प्रयोगशाळेत नेहमीच्या जाळीच्या सुमारे पाचपट पाणी मिळालं.

मात्र लेपाआधी जागा महत्त्वाची. चिलीतल्या चुंगुंगो गावाला 1990च्या दशकात साध्या प्लॅस्टिकच्या जाळ्यांतून रोज सरासरी 15 हजार लिटर पाणी मिळत होतं, कारण समुद्रावरचं धुकं तिथल्या डोंगरावर नेमाने येतं. पुढे देखभाल सुटली आणि जाळ्या निकामी झाल्या.

आपल्याकडे सह्याद्रीत धुकं दाटतं ते पावसाळ्यात. टँकर लागतात ते एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा धुकं नसल्याने वाफेचंच पाणी करावं लागतं. त्यामुळे हवेतून पाणी देणारं यंत्र कुणी दाखवलं, तर आधी तीन गोष्टी विचारा: मे महिन्यातल्या दुपारी किती लिटर, किती युनिट विजेवर, आणि दुरुस्ती कोण करणार?