सागरी डीझेल यंत्राचा उगम व त्याचा भरंवसा

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांची दृष्टि रुमालांत बांधलेल्या कागदांवर खिळलेली असते. या पानांत लोखंडी यंत्राची चर्चा पाहून त्यांस थोडें नवल वाटेल. परंतु जुन्या डीझेल यंत्राच्या इतिहासांत जे वाद माजले ते आपल्या परिचयाचेच आहेत. मूळ पुरुष कोण, पहिला मान कोणाचा, आणि एखाद्याची योग्यता त्याच्या करणीवरून ठरवावयाची कीं त्यानें स्वतः मागाहून लिहिलेल्या हकीकतीवरून, असे ते वाद होत. जहाजावरचें जुनें डीझेल एंजिन खरोखर भरंवशाचें होतें काय, या प्रश्नाचा निकालहि पुराव्याच्या तारतम्यावरच लागतो.

प्रथम अस्सल कागद पाहूं. रुडोल्फ डीझेल याचें जर्मन पेटंट, क्रमांक ६७२०७, हें २८ फेब्रुवारी १८९२ या तारखेचें आहे. सिलिंडरांतील हवा दट्ट्यानें इतकी दाबावी कीं तिच्या उष्णतेनेंच इंधन पेटावें, हा त्यांतील एक भाग. आणि इंधन जळत असतां उष्णतामान वाढूं देऊं नये, हा दुसरा. पहिला खरा ठरला. दुसरा प्रत्यक्षांत कधींच उतरला नाहीं; उतरता तर यंत्राची बहुतेक शक्ति अंगच्या घर्षणांतच खर्ची पडती. ही अडचण डीझेलच्या लौकरच ध्यानीं आली, आणि २९ नोव्हेंबर १८९३ च्या दुसऱ्या पेटंटांत, क्रमांक ८२१६८, त्यानें ज्वलनाविषयींची अट सैल केली. पुढें १९१३ सालीं त्यानें यंत्राच्या उत्पत्तीची हकीकत ग्रंथरूपानें लिहिली. त्याच वर्षीं ल्यूडर्स नांवाच्या जर्मन प्राध्यापकानें सर्व डीझेल-कथा ही दंतकथाच आहे असें प्रतिपादणारें पुस्तक काढलें. वीस वर्षांनंतर आणि वाद पेटला असतां लिहिलेले हे दोन्ही ग्रंथ बखरीच्या तोलाचे समजावे. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘साधनां’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींस जी कसोटी लावली तीच येथें लावणें प्राप्त आहे. खुद्द डीझेल २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्रीं ‘ड्रेस्डेन’ या आगबोटीवरून इंग्लंडास जात असतां नाहींसा झाला. ती बोट वाफेवर चालणारी होती, हा योगायोग नमूद करून पुढें जाऊं.

त्रयस्थाची साक्ष हवी असेल तर ती म्यूनिकचे प्राध्यापक मोरिट्स श्रोटर यांची. आउग्सबुर्ग येथील कारखान्यांत १८९३ च्या ऑगस्टांत झालेला पहिला प्रयोग फसला होता; १८९४ च्या फेब्रुवारींत यंत्र सुमारें एक मिनिट आपल्या बळावर फिरलें. १७ फेब्रुवारी १८९७ रोजीं श्रोटर यांनीं तिसऱ्या नमुन्याची परीक्षा केली, तींत इंधनांतील उष्णतेपैकीं २६.२ टक्के उष्णता कामास आली. त्या काळच्या चांगल्या वाफेच्या यंत्रांस याच्या निम्मेंहि साधत नसे. मात्र ही साक्ष काटकसरीची आहे, टिकाऊपणाची नव्हे. लगेच पुढच्या काळांत विकलेल्या कांहीं यंत्रांनीं गिऱ्हाइकांस इतकें सतावलें कीं तीं कारखान्यांकडे परत आलीं.

इंग्रज लेखक या स्थळीं हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट याचें १८९० चें पेटंट पुढें करतात. ग्रँथमच्या हॉर्न्सबी कारखान्यानें त्याचें तेलयंत्र १८९२ पासून बनविलें, म्हणजे तारखेनें तें वडील ठरतें. परंतु त्यांत हवेचा दाब कमी असे आणि आरंभीं एक लोखंडी कप्पा बाहेरून दिव्यानें तापवावा लागे. केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेनें पेट घेणें हें त्याचें लक्षण नव्हे. आमच्या मतें हीं दोन निराळीं घराणीं होत. जुन्या यंत्रांचे संग्राहक यांची गल्लत करतात त्याचें कारण, तप्त कप्प्याच्या यंत्रांस पुढें ‘सेमी-डीझेल’ हें नांव पडलें. स्टॉकहोमच्या बोलिंडर कारखान्याचीं अशीं यंत्रें उत्तरेकडील मच्छीमारांच्या बोटींवर फार चाललीं. तेल अधिक पीत. पण दाब थोडा, भाग थोडे, आणि दुरुस्ती बोटीवरच्या माणसाच्या आटोक्यांतली. त्यांचा लौकिक खऱ्या डीझेलच्या पदरीं बांधूं नये.

आतां पाण्यावरचा मान. १९०३ सालीं फ्रान्सच्या कालव्यांत ‘पती-प्येर’ नांवाची बोट डीझेलवर चालली, आणि त्याच सालीं नोबेल बंधूंच्या तेलकंपनीची ‘वांडाल’ व्होल्गा नदींत उतरली. ‘वांडाल’वर १२० अश्वशक्तीचीं तीन एंजिनें होतीं, पण तीं उलट फिरत नसत, सबब त्यांनीं वीज उत्पन्न करावयाची आणि विजेनें पंखा फिरवावयाचा, अशी योजना केली होती. १९१० सालीं आम्स्टरडॅमच्या वेर्कस्पोर कारखान्याचें एंजिन बसविलेली ‘वुल्कानुस’ ही तेलवाहू नौका समुद्रांत गेली. मग १९१२ सालच्या ‘सेलांदिया’स पहिलेपणाचा मान सर्वत्र कां दिला जातो? तर ‘महासागरांतून दूरचा व्यापार करणारी मोठी नौका’ एवढीं विशेषणें जोडल्यावरच तो मान टिकतो. विशेषण गाळून केवळ ‘पहिली’ म्हणणें हें चुकीचें.

त्या यंत्रांची दुखरी जागा कोणती होती, हें जाणल्यावांचून भरंवशाचा विचार व्यर्थ आहे. दाबलेल्या हवेंत तेल शिरावयाचें तर त्याहून अधिक जोर पाहिजे. तो आणण्यासाठीं तेल हवेच्या झोतानें फुंकून आंत घालीत, आणि त्या झोतास वातावरणाच्या साठ-सत्तर पट दाब लागे. हा दाब पुरविणारा निराळा पंप एंजिनास जोडलेला असे. खरा रोगी पुष्कळदां तोच. त्याच्या झडपा फुटत, वंगण पेट घेई, आणि पंप थांबला कीं निरोगी एंजिनहि थांबे. याखेरीज उष्णतेनें सिलिंडरांचीं डोकीं तडकत. घाईनें आकार वाढविण्याचा परिणाम नुरेंबर्ग येथें दिसला: जर्मन युद्धनौकेसाठीं १२,००० अश्वशक्तीच्या यंत्राचे प्रयोग चालू असतां १९१२ च्या जानेवारींत स्फोट होऊन माणसें दगावलीं.

त्याच्या पुढल्याच महिन्यांत ‘सेलांदिया’ निघाली. कोपनहेगनच्या बुरमाइस्टर आणि वाइन या कारखान्यानें १८९८ पासून डीझेलचा परवाना घेऊन जमिनीवरील यंत्रांवर बारा-चौदा वर्षें हात बसविला होता. त्यांचे इव्हार क्नुडसेन हे या कामाचे सूत्रधार. २२ फेब्रुवारी १९१२ रोजीं ही नौका कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीस गेली. आठ आठ सिलिंडरांचीं दोन चौघाती एंजिनें, प्रत्येकीं १२५० अश्वशक्तीचीं, मिनिटास सुमारें १४० फेरे, आणि दोन्ही उलट फिरणारीं. आकाराचा हव्यास धरला नव्हता, आणि एक यंत्र रुसलें तरी दुसरें होतें. आमच्या समजुतीनें यशाचें मर्म येथेंच आहे. बॉयलरपुढचे आगवाले नकोत, वाटेंत कोळसा भरण्याचा खोळंबा नको. धुराडें नसल्यामुळें बंदरोबंदरीं लोक चकित झाले. धूर डोलकाठीवाटे सोडीत. लंडन येथें चर्चिल, जे त्या वेळीं आरमाराचे मुख्य मंत्री होते, ती पाहून गेले. अशा थोरांच्या भेटी वर्तमानपत्रांस प्रिय. यंत्राच्या पुराव्यांत त्यांस किंमत नाहीं.

पुराव्याच्या दृष्टीनें एक सामान्य चूक सांगावीशी वाटते. ‘सेलांदिया’ १९३६ सालीं विकली गेली, ‘नॉर्समन’ व नंतर ‘टोर्नाटोर’ झाली, आणि १९४२ च्या जानेवारींत जपानच्या किनाऱ्याजवळ नष्ट झाली. तीस वर्षें टिकली म्हणून तिचें यंत्र उत्तम, असें अनुमान अनेक जण काढतात. नौकेचें वय हा यंत्राचा दाखला नव्हे. जुन्या वाड्यावरून त्यांतील दप्तराचें वय कोणी ठरवीत नाहीं. पैसे मोजणाऱ्यांचें वर्तन हा अधिक बळकट दाखला. तिची बहीण ‘फिओनिया’ १९१२ च्या जूनांत कील येथें दाखविली असतां हांबुर्गच्या मोठ्या जर्मन कंपनीनें तेथल्या तेथें विकत घेतली. मूळ मालक ईस्ट एशियाटिक कंपनीनें यापुढें मोटार-नौकांचीच कांस धरली. जगांतील एकंदर जहाजी टनांपैकीं १९१४ सालीं अर्धा टक्काहि डीझेलवर नव्हता. १९३९ सालीं तो भाग सुमारें एक चतुर्थांश झाला.

या मधल्या काळांत तो रोगी पंपहि काढून टाकण्यांत आला. इंग्लंडांतील व्हिकर्स कारखान्याचे मॅकेक्नी यांनीं हवेच्या झोतावांचून तेल थेट दाबून घालण्याची रीत १९१० च्या सुमारास काढली होती; मोठ्या जहाजांवर ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत रुळली. म्हणून जुन्या यंत्राची नोंदवही हातीं आली असतां प्रथम ‘हवेचा झोत कीं थेट दाब’ हें पहावें, आणि मग थांबण्याच्या नोंदी मोजाव्या. यंत्र थांबलें एवढ्यावर न जातां कोणता भाग थांबला तें टिपावें. पंपाच्या खात्यावरचे दोष सिलिंडरांच्या माथीं मारले गेल्याचें वारंवार आढळेल.

ज्यांस हें प्रत्यक्ष पहावयाचें असेल त्यांनीं कोपनहेगनच्या एर्स्टेड वीजगृहांतील संग्रहालय पहावें. तेथें बुरमाइस्टर आणि वाइन यांचेंच १९३२ सालचें २२,५०० अश्वशक्तीचें एंजिन उभें आहे. तें सुमारें तीस वर्षें जगांत सर्वांत मोठें होतें. तें नौकेवर कधीं चढलें नाहीं, परंतु हात त्याच कारागिरांचे. आणि २००६ सालीं संग्रहालय झाल्यानंतरहि तें लोकांसमोर चालवून दाखविण्यांत येऊं लागलें.